तिसरा खिळा

१

फासा तळहातावर उलटा पडला आणि जिनपाची मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं.

सुमियोशी-मारू हे परगावचं गलबत चार दिवसांपूर्वी तडकलेली डोलकाठी घेऊन नागुराच्या बंदरात शिरलं होतं. नागुरात गलबताला हात लावण्याइतका जाणता मिस्त्री एकच, आणि त्याला बारा वर्षांत कुणी गलबताला हात लावू दिला नव्हता. तांडेल गोनरोकु परका म्हणूनच त्याने जिनपाचीला बोलावलं. डोलकाठी उपसून झाली होती. आता तिच्या बुंध्याखालची बैठक दुरुस्त करायची, म्हणजे आधी गलबताचा जीव बाहेर काढायचा.

हा जीव प्रत्येक गलबताला असतो. बैठकीत बोटभर कोनाडा कोरायचा, त्यात दोन फासे, कागदी नवरा-बायकोची जोडी, बारा नाणी, पाच धान्यं आणि एका बाईच्या केसांची बट ठेवायची, वर लाकडी बूच ठोकायचं. गलबत बांधणारा मिस्त्री हे काम एकट्याने करतो, आणि दुसऱ्याने ठेवलेला जीव न्याहाळत बसू नये असा रिवाज आहे. जिनपाचीने सवयीच्या हिसक्याने बूच डावीकडे पिळलं, ते अलगद निघालं, आणि आतल्या वस्तू फडक्यात घेताना फासा उलटला.

चाराच्या बाजूवर मधोमध पाचवं भोक होतं, मेणाने बुजवलेलं.

ती चूक त्याची स्वतःची होती. सोळा वर्षांपूर्वी फासा कोरताना हात घसरला, तेव्हा शेजारी बसलेली त्याची बायको ओरिकु खुदकन हसली होती. "चाराचे पाच केलेत की! बरंय, गलबताला एक माणूस जास्त मिळेल." मग तिनेच मेण लावून दिलं होतं आणि स्वतःच्या केसांची बट कापून दिली होती. ती बट आता त्याच्यासमोर होती, काळीभोर. ओरिकु जाऊन दहा वर्षं झाली होती आणि जाताना तिचे केस पांढरेशुभ्र होते.

कोनाड्यात तेलकागदाची करंगळीएवढी एक पुडीही होती. ती त्याने ठेवलेली नव्हती. मधल्या कुणा मालकाने देवाचा अंगारा ठेवला असेल, दुसऱ्याचा नवस कशाला उघडा, म्हणून त्याने ती न सोडताच इतर वस्तूंबरोबर बांधली.

हा जीव त्याने होएई-मारूच्या पोटात ठेवला होता. होएई-मारू बारा वर्षांपूर्वी ओकी बेटांजवळ वादळात फुटून बुडालं. दहा माणसांपैकी दोघं परतली, आठ गेली, आणि त्या आठांत जिनपाचीचा एकुलता एक मुलगा हानजी होता. परतलेल्या दोघांनी सांगितलं, बैठकीखालचा सांधाच उघडला, मिस्त्रीचं काम कच्चं होतं. त्या दिवसापासून जिनपाचीने मासळीच्या पाट्या आणि शवपेट्या बनवून पोट भरलं.

आणि तेच होएई-मारू त्याच्या पायाखाली सुखरूप उभं होतं.

२

"हे गलबत कुठून घेतलंस, तांडेल?" आवाज शक्य तितका साधा ठेवून जिनपाचीने विचारलं.

गोनरोकु फळीवर बसून सुकी मासळी चघळत होता. "ओसाकात. झाली चार वर्षं. त्याआधी शिमोनोसेकीच्या एका व्यापाऱ्याकडे होतं. त्याच्याआधीचं आपल्याला काय ठाऊक! का हो बाबा, काही खोट निघाली?"

"खोट नाही. बाजू मागाहून उंच केल्यात. मागची फळीही बदललीय."

"ते शिमोनोसेकीवाल्याचं काम. घेतल्या घेतल्या सगळं पालटलं म्हणे. नावसुद्धा."

"आणि जीव? तो नाही बदलला कुणी?"

गोनरोकुचा घास तोंडातच राहिला. "वेड लागलंय का बाबा? चालत्या गलबताचा जीव काढून फेकायचा? मग त्या गलबतावर पाय कोण ठेवेल? असला खलाशी अजून जन्माला यायचाय!"

जिनपाचीने मान डोलावली. ज्याने कुणी हे गलबत पळवलं होतं त्याच्यामागे शीड बदललं, रंग बदलला, नाव बदललं. पण चोर झाला तरी तो दर्यावर्दी होता. जिवाला हात लावायची त्याची छाती झाली नव्हती.

मग मनात दुसरा विचार आला. गलबत बुडालं नाही, तर माणसं कुठे गेली?

इतक्यात होडी येऊन टेकली. होडीतून काहेईशेठ चढले. होएई-मारूचं सुकाणू धरणारा हाच काहेई, परतलेल्या दोघांपैकी एक. आता तो तीन गलबतांचा धनी होता, गावचा मुखिया होता आणि डोक्यावर विलायती टोपी घालत होता. दोन दिवसांनी त्या आठ जणांचं तेराव्या वर्षाचं श्राद्ध होतं, आणि त्यासाठी धक्क्यावर उभा करायचा स्मृतीचा दगड काहेईशेठच्याच पदरचा होता. त्यावर कोरायचा मजकूर सगळ्या गावाला पाठ झाला होता: होएई-मारू सांध्यातून फुटून बुडालं, त्यात गेलेली ही आठ माणसं. गवंडी फक्त शेवटचा हात फिरवत होता. दगड एकदा उभा राहिला की जिनपाचीचा कच्चा सांधा त्याच्या पाठीमागेही शंभर वर्षं वाचला जाणार होता.

"मिस्त्री, या वयात कशाला हे कष्ट?" काहेई गोड आवाजात म्हणाला. "मी फुकुराचा सुतार मागवलाय. गलबत ओढून तिकडेच नेऊ. तुम्हाला काय कमी पडतंय ते मला सांगा."

बारा वर्षं हा माणूस जिनपाचीच्या दारावरून मान वळवून जायचा. आज एवढी माया कुठून आली? जिनपाची बघत राहिला. गलबतावर येणारा माणूस आधी तडकलेली डोलकाठी बघतो. काहेईची नजर तिच्यावरून घसरून थेट बैठकीकडे गेली होती.

"बैठक उघडलीत?" काहेईने विचारलं.

फडक्याची गाठ जिनपाचीच्या सदऱ्याच्या आत होती. "अजून नाही," तो म्हणाला. "उद्या बघू म्हटलं."

काहेईने सुटकेचा श्वास टाकला, चांगला ऐकू येईल असा.

३

दर्यादेवाच्या देवळात जिनपाची बारा वर्षांनी पाय ठेवत होता. तिथे होएई-मारूची नवसाची पाटी टांगलेली होती आणि तिच्याकडे बघायला त्याला तोंड नव्हतं.

वादळात सगळे उपाय थकले की खलाशी स्वतःची शेंडी कापून देवाला बोलतात. जिवंत परतले तर ती शेंडी चित्राच्या पाटीला अडकवून देवळात वाहतात. शेंड्या जाऊन आता सगळ्यांचेच केस आखूड झालेत, पण भिंतीवर जुन्या शेंड्या वीस-पंचवीस तरी होत्या. जिनपाचीने त्या एकेक करून पाहिल्या. मरणाच्या दारात कापलेली शेंडी ती. हाताला लागेल त्या सुरीने ओरबाडलेली, मिठाने चिकटलेली, दोरी सुटलेली. सगळ्या वाळक्या शेवाळासारख्या झाल्या होत्या.

मग तो होएई-मारूच्या पाटीखाली आला. काहेईची आणि त्याच्याबरोबर परतलेल्या आचारी उशिमात्सुची शेंडी शेजारी शेजारी होती. तेल लावून विंचरलेली, कागदी दोरीचा पीळ अजून कडक, आणि दोन्ही एकेका घावात सरळ कापलेल्या. न्हाव्याच्या दुकानातून बाहेर पडून कापल्यासारख्या. गावाने त्या बारा वर्षं पाहिल्या होत्या, पण रडताना कोण एवढं निरखून पाहतं? देवाला शेंडी वाहिली आणि गावाला शेंडी लावली, असं जिनपाचीच्या मनात आलं, पण हसू काही फुटलं नाही.

"पाटी उतरवू का हो?" त्याने पुजाऱ्याला विचारलं. पुजारी कानाने अधू होता.

"हो, हो, थंडी वाढलीय," पुजारी म्हणाला.

जिनपाचीने पाटी उतरवून उलटी केली. मागे रंगाऱ्याचा शिक्का होता. शिमोनोसेकी. काहेई आणि उशिमात्सुने तर गावाला शपथेवर सांगितलं होतं, ओकीच्या कोळ्यांनी वाचवलं आणि आम्ही तडक घरी आलो. तडक घरी येणाऱ्यांनी शिमोनोसेकीला जाऊन चित्र रंगवून घेतलं होतं. होएई-मारूचा पहिला नवा मालकही शिमोनोसेकीचाच होता. गलबत कुठे विकलं गेलं ते सांगायला आता कुणाची गरज नव्हती.

पाटी सरळ करताना त्याचा अंगठा कशाला तरी अडखळला. चित्राच्या खालच्या कडेला शेंड्या अडकवायला रंगाऱ्याने पितळी खिळे मारून दिले होते. त्याने मोजले. मग पुन्हा मोजले.

शेंड्या दोन होत्या. खिळे तीन होते.

४

उशिमात्सुच्या दुकानात चार दिवस तोफू झाला नव्हता. फळ्या लावलेल्या होत्या. जिनपाची मागच्या दाराने शिरला तेव्हा तो थंड चुलीपाशी गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"काय रे, आजारी?"

"कंबर धरलीय मिस्त्रीदादा."

"गलबत आलं त्याच दिवशी धरली?"

जिनपाची त्याच्यासमोर बसला. "त्या शेंड्या तू आज नीट बघून ये. न्हाव्याने घातलेली दोरी सुटलेलीसुद्धा नाही. वादळ नव्हतं ना रे?"

"मिस्त्रीदादा, तुमच्या पाया पडतो..."

"पाया मागाहून पड. मी बारा वर्षं शवपेट्या ठोकतोय. वादळ होतं की नव्हतं?"

"नव्हतं." उशिमात्सुने तोंड हातांत लपवलं. "पटकी होती. शेवटच्या बंदरात पाणी भरलं त्यातूनच आली. नऊ दिवसांत सात माणसं गेली. रोज सकाळी मी भात शिजवायचो आणि रोज एक वाटा उरायचा. ओकीच्या बाजूला एक ओसाड बेट आहे, तिथे उतरवून पुरलं त्यांना. मग काहेई म्हणाला, पटकीचं गलबत कुठलं बंदर आत घेईल? जाळूनच टाकतील. त्यापेक्षा विकू, आणि सांगू की बुडालं. मेलेली काही परत येणार नाहीत."

"आणि खापर माझ्या सांध्यावर."

"बुडायला काहीतरी कारण लागतं ना हो. कारण विचारल्यावर काहेई बोलला आणि मी मान हलवली. एवढंच केलं मी. मान हलवली."

या एका मान हलवण्यात त्याची उमर गेली होती, ओरिकु गेली होती. लोक दारात येऊन तिला विचारायचे, तुझ्या नवऱ्याने आमची माणसं का मारली? ती काहीच बोलायची नाही, कारण तिचाही मुलगा त्यात होता.

"दहातून सात गेले," तो म्हणाला. "उरले तीन. पाटीला खिळेही तीन. तू आणि काहेई. तिसरा कोण?"

उशिमात्सुने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत आता भीती नव्हती, कीव होती.

"ते नका विचारू," तो म्हणाला. "तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. ते तेवढं नका विचारू."

आणि त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

जिनपाची किनाऱ्याने परत निघाला. गलबत विकायचं तर कागदावर तांडेलाचा शिक्का लागतो. होएई-मारूचा तांडेल देन्झाएमोन. सरळ, देवभोळा माणूस. पण सरळ माणसंही जिवाच्या भीतीने वाकतात. देन्झाएमोनच जगला असेल, आणि बायकोला कसं तोंड दाखवावं म्हणून परमुलखात दुसरं घर थाटून बसला असेल तर?

धक्क्याच्या टोकाला देन्झाएमोनची बायको ओतेत्सु उभी होती. बारा वर्षं ती रोज इथे येऊन गरम चहाचा एक पेला समुद्रात ओतायची. नवऱ्याला थंड चहा आवडत नसे, म्हणून ती घरापासून पळत यायची. आजही तिला धाप लागली होती.

"काय मिस्त्री भावोजी, काम मिळालं म्हणे!" ती म्हणाली. त्याच्याशी बोलणारी गावात ती एकटीच होती. "बरं झालं. आमचे हे नेहमी म्हणायचे, जिनपाचीचा सांधा म्हणजे सांधा."

जिनपाचीला तिच्याकडे बघवेना. मान खाली घालून तो निघून गेला.

५

दुसऱ्या दिवशी बैठक घासूनपुसून झाल्यावर जीव परत ठेवायची वेळ आली. त्याने बूच हातात घेतलं आणि तसाच थांबला.

बूच त्याच्याच पद्धतीचं होतं. वर रुंद, खाली निमुळतं, डाव्या अंगाला केसाएवढी पाचर. ठोकताना किंचित पिळायचं, म्हणजे पाणी कितीही फुगलं तरी हलत नाही आणि काढायचं कसं ते दुसऱ्याला कळत नाही. काल ते त्याच्या हिसक्याने अलगद निघालं तेव्हा नवल वाटलं नव्हतं. आपलंच गलबत, आपलंच बूच.

पण सोळा वर्षं समुद्रात राहिलेलं लाकूड काळं पडतं. हे पिवळसर होतं. त्याने नाकाशी नेलं. देवदाराचा वास अजून ताजा होता. हे बूच फार तर वर्ष-दीड वर्षाचं होतं.

म्हणजे कुणीतरी हल्लीच कोनाडा उघडला होता आणि नवं बूच ठोकलं होतं. जिनपाचीची पद्धत वापरून. ही पद्धत त्याने जन्मात एकाच माणसाला शिकवली होती.

त्याने बूच उजेडात धरलं. पटाशीचे फटके उजवीकडून डावीकडे उतरत होते. उजव्या हाताने काम करणाऱ्याचे फटके तसे उतरत नाहीत. डाव्या हातात पटाशी धरतो म्हणून जिनपाचीने एका सात वर्षांच्या पोराला किती बोल लावले होते! शेवटी ओरिकुच म्हणाली होती, राहू द्या हो, गलबताला हात कुठला ते कळतं का?

गलबताला कळलं होतं.

जिनपाचीने फडकं सोडलं आणि ती तेलकागदाची पुडी उघडली. आत अंगारा नव्हता. आत एक शेंडी होती, निळ्या सुती दोरीने बांधलेली. ती दोरी ओरिकु घरी वळायची. हानजी निघाला तेव्हा तिने त्याच्या गाठोड्यात तिचा एक गुंडा टाकला होता.

तिसऱ्या खिळ्याला लटकायची ती शेंडी इथे होती, आईच्या केसांशेजारी.

तो तिथेच बसला. आनंद झाला, असं म्हणावं तर छातीत कळ येत होती. पोरगा जिवंत होता. पोरगा चोर होता. बाप इथे शेणाचे गोळे झेलत होता, आई झुरून गेली, आणि पोरगा कुठेतरी देवदाराची बुचं कोरत होता.

"तांडेल," त्याने कशीबशी हाक मारली. "या बैठकीला शेवटचा हात कुणी लावला?"

"तोमो बंदरातल्या एका सुताराने," गोनरोकु वरून म्हणाला. "गेल्या वर्षी. विचित्र प्राणी आहे. आमचं गलबत दिसलं की स्वतःहून येतो, सगळं तपासतो आणि कितीही दिलं तरी घेत नाही. म्हणतो, या गलबताचं मी देणं लागतो. का हो?"

"डावरा आहे?"

"अहो, तुम्हाला कसं कळलं?"

६

काहेईशेठने त्याला घरातल्या आतल्या खोलीत घेतलं, चहा मागवला आणि दार लावून घेतलं. जिनपाचीने चहाला हात लावला नाही. फासा, पाटीवरचा शिमोनोसेकीचा शिक्का, शेंड्यांची दोरी, तिसरा खिळा, बूच, सगळं त्याने एकामागून एक सांगितलं. काहेई न हलता ऐकत होता.

"तांडेलाचा शिक्का तू त्याच्या प्रेतावरून काढलास," जिनपाची शेवटी म्हणाला. "आणि गलबताचा जीव तसाच ठेवलास. कारण शिमोनोसेकीपर्यंत तुलाच त्यावर बसून जायचं होतं, आणि जिवाशिवाय निघायला तू टरकलास."

काहेईने टोपी काढून शेजारी ठेवली. टोपीशिवाय तो बराच म्हातारा दिसत होता. "तुम्ही त्या गलबतावर नव्हता, मिस्त्री. सात माणसं हगून-ओकून मेली. मीही मरणार म्हणून बसलो होतो. जगल्यावर मला काहीतरी हवं होतं. तुमचं नाव घेतलं ते वाईट केलं, मला कबूल आहे."

"हानजी का नाही आला?"

"शिमोनोसेकीला पाटी घेतली, तिघांनी शेंड्या कापल्या. मग काय काय सांगायचं ते ठरवायला बसलो. सांध्याचं निघालं तसा तो उठला. म्हणाला, बापाच्या तोंडावर हे मला सांगता येणार नाही. मेलोय म्हणून सांगा. वाटा तिथेच टाकून गेला. मी सोडला नाही म्हणा तो वाटा."

काहेई पुढे सरकला. "आता ऐका. दगडावरचा मजकूर मी आजच बदलतो. 'वादळात' एवढंच राहील. सांध्याचं नाव नाही. उद्या सगळ्यांसमोर सांगतो की मिस्त्रीचा दोष नव्हता, माझीच पाहण्यात चूक झाली. माझी तिन्ही गलबतं तुमच्याकडे. तुमचं नाव परत मिळेल, आणि हानजी दगडावर राहील, चांगल्या माणसांत. आणि बोललात तर? माझं व्हायचं ते होईल. पण तोही आमच्यातलाच ठरेल. गलबत विकताना तो तिथेच उभा होता. पोराला चोर म्हणवून घ्यायचंय का तुम्हाला?"

बारा वर्षं ज्या एका गोष्टीसाठी जिनपाची तडफडला होता ती समोर ठेवली होती. किंमत काय, तर गप्प राहायचं. गप्प राहायची तर त्याला सवयच झाली होती.

"उद्या सांगतो," म्हणून तो उठला.

७

श्राद्धाला सगळं गाव धक्क्यावर जमलं होतं. दगड झाकलेला होता. काहेईशेठने शब्द पाळला. पडदा दूर झाला तेव्हा मजकुरात सांधा नव्हता, आणि ताज्या खोडलेल्या जागेवर दगडाची पांढरी भुकटी होती. लोकांत कुजबुज झाली. काहेईने घसा खाकरून सांगितलं की जिनपाची मिस्त्रीवर अन्याय झाला. दोघा-तिघा म्हाताऱ्यांनी चक्क पुढे येऊन जिनपाचीसमोर मान लववली.

त्याला ते गोड वाटलं, खोटं कशाला सांगा. एवढं गोड की डोळे भरून आले.

मग ओतेत्सु पुढे आली. आज श्राद्ध म्हणून पेला नवा होता. धावत आल्यामुळे निम्मा चहा सांडला होता. तिने उरलेला चहा समुद्रात ओतला आणि हात जोडले.

जिनपाचीला ते बघवलं नाही.

"गवंडीदादा," तो मोठ्याने म्हणाला, "छिन्नी आणलीयत ना? शेवटचं नाव खोडा."

"कुठलं? हानजी? तुमच्या मुलाचं?"

"जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत नको. तोमो बंदरात सुतारकाम करतो तो. आणि होएई-मारू फुटलं नाही, बुडालंही नाही. ते बघा, समोर उभं आहे. ते विकलं. काहेईने विकलं, उशिमात्सुने विकलं, आणि माझा पोरगा बघत उभा राहिला. तिघांनी."

धक्क्यावर असा गलका उठला की भटजींचा घंटानाद बुडाला. कुणी काहेईला धरलं, कुणी जिनपाचीच्या अंगावर धावून आलं. "तुझ्या पोराला बरा सोडू!" एक जण ओरडला. मघाशी मान लववणारा त्यातलाच एक म्हातारा थुंकला आणि बाजूला झाला. जिनपाची जागचा हलला नाही. हे होणार ते त्याला कळत होतं.

ओतेत्सुचा आवाज मात्र खालच्या पट्टीतच होता, तरी सगळे थांबले.

"मग आमचे हे कुठे आहेत?"

गर्दीच्या मागून उशिमात्सु रडत पुढे आला. "बेटावर, वहिनी. दक्षिणेच्या अंगाला पाइनची झाडं आहेत, त्याखाली. सात दगड आहेत. हानजीने एकेकावर नाव कोरलंय. तांडेलांचा पहिला."

ओतेत्सुने हातातल्या रिकाम्या पेल्याकडे पाहिलं. "बारा वर्षं," ती म्हणाली, "मी भलतीकडेच ओतत होते?"

तिने पेला पदराच्या आत ठेवला आणि जिनपाचीकडे वळली. "भावोजी, ते गलबत दुरुस्त झालं की त्या बाजूने जातं का हो?"

"जाईल," जिनपाची म्हणाला. "मी विचारतो तांडेलाला."

डोलकाठी उभी करायच्या दिवशी काहेईला जिल्ह्याच्या ठाण्यावर नेलं होतं आणि नागुरात जिनपाचीशी कुणी बोलत नव्हतं. पूर्वी त्याच्या हाताला नावं ठेवायचे, आता रक्ताला. सात घरांतली बायका-माणसं मात्र चहाच्या किटल्या घेऊन गलबतावर चढून बसली होती. जिनपाचीने स्वतःचं गाठोडंही तिथेच एका कोपऱ्यात ठेवलं होतं. त्याला बेटाच्या पुढे जायचं होतं, तोमोपर्यंत. पोरासमोर उभं राहून काय बोलायचं, मिठी मारायची की थोबाडीत मारायची, ते त्याचं अजून ठरत नव्हतं.

त्याने फासे ठेवले, एक आकाशाकडे, सहा जमिनीकडे, तीन पुढे नाळेकडे आणि ती चुकलेली चाराची बाजू मागे. ओरिकुची बट ठेवली. नवं बूच पिळून ठोकलं.

गोनरोकु वाकून बघत होता. "आतलं सगळं परत ठेवलंत ना बाबा? जसंच्या तसं?"

"एक वस्तू सोडून."

"अहो!" गोनरोकु किंचाळला. "जिवातली वस्तू काढलीत? बुडेल ना गलबत!"

जिनपाचीने सदऱ्याच्या आत हात घालून निळ्या दोरीची गाठ चाचपली. ती शेंडी त्याला हानजीच्या हातात परत द्यायची होती.

"नाही बुडायचं," तो म्हणाला. "एकदा बुडून झालंय त्याचं."